सहदेवचा कान

घाटकोपरच्या आमच्या गॅरेजात सहदेव तावडे मोटरला मीटर लावत नाही. डॅशबोर्डखालून एसीची हवा फेकणाऱ्या ब्लोअरची मोटर काढायची, दोन वायरींनी थेट बॅटरीवर फिरवायची, डोळे मिटून कानाशी धरायची, की निकाल तयार. अठ्ठावीस वर्षं त्याच्या कानावर गॅरेज चाललंय. मी, सिद्धेश, एसीत गॅस भरणारा. मला कोण विचारतो?

गेल्या शुक्रवारी ब्लोअरची तक्रार घेऊन आलेल्या पद्मजाताईंच्या गाडीची मोटर फिरली, तेव्हा मला बारीक किरकिर ऐकू आली. आतला बुश, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती नळी, घासला होता. सहदेव म्हणाला, "चोख आहे," आणि मी गप्प बसलो. गिऱ्हाइकासमोर मिस्त्रीला खोटं पाडायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. आणि खरं सांगतो, बोललेलं त्याला कळतं पण बारीक आवाज आता कळत नाहीत, हे मलाच कबूल करायचं नव्हतं.

सोमवारी ताई परत आल्या. भर दुपारी हायवेवर ब्लोअर बंद पडला होता, दमा असलेल्या वडिलांचा जीव घाबराघुबरा झाला होता. "उद्या त्यांना परत हॉस्पिटलात न्यायचंय. या वेळी नक्की काय ते सांगा."

सहदेवने मोटर काढली, वायरी टेकवल्या. गार झालेली मोटर पुन्हा गरगरली. किरकिर शुक्रवारपेक्षा वाढली होती. त्याने ती कानाशी धरली. ऐकू येऊ दे रे देवा, एवढंच मनात.

"मोटर चोख. वायरिंगमध्ये असेल काहीतरी."

"पण मिस्त्री, मला इथवर आवाज येतोय." ताई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला येतोय ना?"

सहदेवनेही माझ्याकडे पाहिलं. इतका घाबरलेला तो मी कधी पाहिला नव्हता. हो म्हणावं तर याची अब्रू, नाही म्हणावं तर त्या म्हाताऱ्याचा जीव.

"येतोय," मी म्हणालो. "बुश गेलाय."

त्याने वायरी सोडल्या. "शुक्रवारी पण येत होता?"

"हो."

"मग माका कित्याक नाय सांगलंस?"

शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो ताईंकडे वळला. "चूक माझी, ताई. मला ऐकू आलं नाही."

समोरच्या दुकानातून त्याने स्वतः नवी मोटर आणली, बॅटरीवर लावली. सवयीने हात कानाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. मग त्याने ती फिरती मोटर माझ्या कानाशी धरली.

"बोल. आणि गिऱ्हाईक उभं आहे म्हणून खोटं बोलू नकोस."