सहा वाजून दहा मिनिटं

पोलीस ठाण्याचं पत्र आलं की आमच्या सरकारी ऑफिसात एकदम कामाचा पूर येतो. ज्यांनी महिनाभर फाइल उघडलेली नसते, तेही मान खाली घालून पानं उलटायला लागतात. पत्रात एकच मागणी असते, दोन शासकीय पंच पाठवावेत. म्हणजे झडतीच्या वेळी हजर राहायचं आणि जे दिसलं ते कागदावर आलं की खाली सही करायची. पुढे कधीतरी कोर्टाचं समन्स येतं आणि त्या एका सहीपायी दिवस वाया जातो, म्हणून कुणाला जायचं नसतं. त्या दिवशी पत्रात ‘एक महिला पंच’ असं लिहिलेलं होतं, आणि आठवड्यापूर्वीच माझं साहेबांशी वाजलेलं होतं. फार शोधाशोध करावी लागली नाही.

क्रांती चौकातून पोलिसांच्या गाडीत बसलो तेव्हा पाच वाजत आले होते. पुढे ड्रायव्हर आणि फौजदार. मागे एक महिला पोलीस, मी आणि दुसरे पंच म्हणून आमच्याच ऑफिसातले लिपिक, जे बिडकीनहून रोज ये-जा करतात. चितेगावात एका बाईच्या घराची झडती होती. ती शहरातल्या एका बंगल्यावर धुणीभांडी करायची आणि तिथल्या मालकिणीच्या सोन्याच्या पाटल्या गेल्या होत्या. अशा वेळी संशय कुणावर घ्यायचा हे कुणी कुणाला विचारत नाही.

दोन खोल्यांचं घर. चाळिशी ओलांडलेली बाई आणि तिची लग्न ठरलेली मुलगी. रमजान चालू होता, दोघींचा रोजा होता. महिला पोलिसानं पेटी उघडली, गाद्या उलटल्या, पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. लग्नासाठी जमवलेल्या कपड्यांची एकेक घडी मोडून पाहिली. मुलगी भिंतीला टेकून ते सगळं बघत होती. घरात काही मिळालं नाही आणि फौजदारांनी तसं लिहिलंही. मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, “न्यावं तर लागंलच. वरून लई फोन चाललेत.”

बाई रडली नाही. म्हणाली, “साब, रोजा खोल लेने दो. फिर चलती मैं.”

“सोडू द्या साहेब,” महिला पोलीस म्हणाली. “तेवढ्यानं काय व्हतंय.”

मला त्या क्षणी फार बरं वाटलं होतं. माणुसकी अजून शिल्लक आहे वगैरे. मशिदीतून अजान झाली. बाईनं पाण्याचा घोट घेतला, खजूर तोंडात टाकला आणि तीच ताटली आमच्यापुढे फिरवली. तिला न्यायला आलेल्या पाचही माणसांपुढे. “लेव बाजी,” असं मला, मोठ्या बहिणीला म्हणावं तसं, म्हणाली. दुपारपासून चहाशिवाय पोटात काही नव्हतं. मी एक नाही, दोन खजूर खाल्ले. मग तिनं आतल्या खोलीत नमाज पढली. आम्ही गाडीत बसलो तेव्हा पैठण रोडवरचे दिवे लागलेले होते आणि गल्लीतली प्रत्येक बाई दारात उभी होती.

ठाण्यात अटकेचा कागद तयार होईपर्यंत मी बाकावर बसून होते. सरकारी नोकरीत बोर्ड वाचायची सवय लागते. फौजदारांच्या खुर्चीमागे एक होता, वर ‘भारतीय संविधान’ आणि खाली अटक झालेल्या माणसाचे हक्क. अटकेचं कारण सांगितलं पाहिजे. वकिलाला भेटू दिलं पाहिजे. चोवीस तासांच्या आत न्यायाधीशांपुढे उभं केलं पाहिजे. आणि सूर्यास्तानंतर, सूर्योदयाच्या आधी कोणत्याही स्त्रीला अटक करू नये. अगदीच अपवाद असला तर न्यायाधीशांची लेखी परवानगी आधी घ्यावी. संविधानाची उद्देशिका आमच्या ऑफिसातही आहे, काचेच्या फ्रेममध्ये. सव्वीस जानेवारीला आम्ही तिच्यावरची धूळ पुसतो.

कागद समोर आला. अटकेची वेळ सहा वाजून दहा मिनिटं. सूर्य मावळायच्या बराच आधी.

मी म्हणाले, “साहेब, ही वेळ…”

त्यांनी मान वर केली. आवाज चढवला नाही, उलट हसलेच. “ताई, तुम्ही हजेरीपटावर खरी वेळ टाकता काय?”

आणि मीही हसले. कारण ते खरं होतं. आमच्या ऑफिसात अकराला येणारा माणूसही पावणेदहाच लिहितो. त्याच्या वरच्यानं पावणेदहा लिहिलेलं असतं, मग खालच्यानं काय लिहावं? वीस वर्षं मी तेच केलं होतं. मागच्या तारखेच्या नोंदी, मागच्या तारखेच्या सह्या. वेळेचा रकाना हा भरायचा असतो, त्यात काही सांगायचं नसतं, हे माझ्या हातात इतकं मुरलं होतं की पेन आपोआप चाललं. माझी सही दुसऱ्या पंचांच्या सहीपेक्षा ठसठशीत आली होती.

ती रात्र बाईनं ठाण्यात काढली. दुसऱ्या दिवशी तिला कोर्टानं जामीन दिला. सकाळी जाऊन आणली असती तर काय बिघडलं असतं? ती कुठं पळणार होती? दोन महिन्यांनी बिडकीनच्या लिपिकांनी डबा खाता खाता सांगितलं की त्या मुलीचं लग्न मोडलं. चोरीचं काय ते कोर्ट बघेल, पण आई रात्रभर ठाण्यात राहिलेली, असं मुलाकडचे म्हणाले. मी हातातला घास परत डब्यात ठेवला.

तेव्हापासून संध्याकाळ मला सुखानं घालवता येत नाही. आमच्या घरी अजान ऐकू येते, आधीही यायची, पण आता ऐकली की माझी नजर घड्याळावर जाते आणि तोंडात गोड चव येते. कुठल्या महिन्यात सूर्य किती वाजता मावळतो हे मला पाठ झालंय. मध्यंतरी मी हजेरीपटावर खरी वेळ लिहायला लागले, दहा वाजून बावीस, दहा सतरा. साहेबांनी बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. मला नोटीस मिळाली आणि आठवड्यात मी पुन्हा पावणेदहावर आले.

दोन वर्षांनी समन्स आलं. मी पक्कं ठरवलं होतं. वेळ खोटी आहे असं सांगायचं, पुढचं पुढे. बाथरूममध्ये नळ सोडून ते वाक्य म्हणून पाहिलं होतं.

सरकारी वकिलांनी कागद दाखवला. “सही तुमचीच?”

“होय.”

“मजकूर बरोबर आहे?”

खोटी सही केली म्हणून चौकशी लागेल, पेन्शन अडकेल, हे सगळं एका श्वासात डोक्यातून गेलं. “बरोबर आहे,” मी म्हणाले.

बाईच्या बाजूचा वकील उठला. त्यानं एकच विचारलं, झडतीत काही सापडलं का. मी नाही म्हणाले. त्याचं काम झालं होतं, तो खूश होऊन बसला. टायपिस्ट माझं उत्तर टाइप करत होता. मी पिंजऱ्यात उभीच होते, तोंड उघडायला मला कुणी मनाई केलेली नव्हती. मग जबाबाखाली आणखी एक सही केली आणि खाली उतरले.

व्हरांड्यात ती बाई माझी वाट बघत उभी होती, शेजारी मुलगी. बाईनं माझे दोन्ही हात धरले. “बाजी, तुमे सच बोले. घर में कुछ नै मिला, साफ बोल दिये. अल्ला तुमकू खुश रखे.”

मुलीनं मला हात लावला नाही. ती मराठीत म्हणाली, “मॅडम, अम्मीनं रोजा सोडला, नमाज पढली, मग नेलं. तुम्ही समोरच व्हता. किती वाजले व्हते?”

“सात वाजायला आले होते,” मी म्हणाले. किती सहज निघालं तोंडातून.

“मग हे आत का नाय सांगितलं?”

बाईनं तिचा दंड ओढला. “बाजी से ऐसा बात करते क्या?” मग माझ्याकडे वळून तिनं हात जोडले. “माफ करो बाजी. शादी टूटी तब से ऐसीच हो गई ये.”

“असू दे,” मी म्हणाले. “लहान आहे ती.”