सुजाताचा अ‍ॅम्प

भूतखेत, अंगात येणं, उतारा... आमच्या घरात यातलं काहीच कधी चाललं नाही. बौद्ध घर, त्यात मी वीस वर्षं टीव्ही-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा माणूस. वस्तूतून आवाज आला म्हणजे कुठूनतरी करंट आला, एवढंच मला माहीत. तरी हे लिहितोय, कारण ते मी एकट्यानं ऐकलेलं नाही.

कळमनुरीत बसस्टँडच्या मागं आमचं घर, पुढच्या खोलीत माझं दुकान. धाकटी बहीण सुजाता भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवायची. तिच्या छोट्या ट्रान्झिस्टरवाल्या गिटार अ‍ॅम्पचा आवाज मधूनच जायचा. "दादा, बघ ना एकदा," ती म्हणायची. गिऱ्हाइकांचं उरकू दे, मी म्हणायचो. दोन महिने हेच. मग हट्टा गावच्या कार्यक्रमात तो ऐन गाण्यात बंदच पडला. घरी आल्यावर ती रागावली नाही... नुसता अ‍ॅम्प माझ्या टेबलाखाली ठेवून दिला. त्याच आठवड्यात तिला ताप भरला. नांदेडला नेलं, पण नवव्या दिवशी ती गेली.

चार महिन्यांनी एका दुपारी मी तो अ‍ॅम्प उघडला. फ्यूज उडालेला, आउटपुटचे, म्हणजे स्पीकरला आवाज पोचवणारे, दोन्ही ट्रान्झिस्टर शॉर्ट. आणि गिटारची वायर लावायच्या जॅकचं सोल्डरिंग तडकलेलं. आवाज जायचा तो त्यामुळंच. दहा मिनिटांचं काम होतं.

मग ट्रान्झिस्टर काढून टेबलावर ठेवले. प्लग बोर्डातून काढलेला होता, मी दोनदा पाहिलं. आणि स्पीकरमधून तार छेडल्याचा आवाज आला. बारीक. खुंटी पिळावी तसा सूर चढत गेला, जरा जास्तच चढला, मग हळूच उतरला. सुजाता तार अशीच लावायची.

कपॅसिटरमध्ये उरलेल्या करंटनं एखादा 'धप्' होतो. कधी रेडिओही पकडतो. पण इथं वीज नव्हती, स्पीकरपर्यंत आवाज जायची वाटच काढून ठेवलेली. तिची गिटारसुद्धा नांदेडला, मैत्रिणीकडं होती.

मी काहीच बोललो नव्हतो. आई ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून आली अन् म्हणाली, "सुजी सूर लावून राहिली का रे?"

दोघंही खाली बसलो. एकेक करत सहाही तारा लागल्या, आणि थांबलं. गाणं सुरू व्हायच्या आधी थांबतं तसं. पुढचे तीन दिवस दुपारी हेच झालं.

पाचव्या दिवशी नवे ट्रान्झिस्टर आले. मला वाटलं, अ‍ॅम्प नीट झाला तर ती पुढचं वाजवेल. सगळं बसवलं, जॅक सोल्डर केला, नवा फ्यूज टाकला. अ‍ॅम्प चालू झाला, साधी घरघरही नाही. आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

आठवड्यानं आई एवढंच म्हणाली, "काहून दुरुस्त केलास, राजू? बिघडलेलाच बरा होता."

त्या दुपारी मी दुकानाचं शटर ओढलं. नवे ट्रान्झिस्टर उपसून काढले, आणि जॅकचं चांगलं सोल्डरिंग माझ्याच हातानं परत तडकवलं. आई शेजारी बसून होती, स्पीकरला कान लावून.