मिलांदूच्या पायातले बूट

माझा भाऊ गिल्दास वेल्डिंगचं काम करतो आणि बुटांवर जीव टाकतो. आमच्या बाकोंगो वस्तीत असे बरेच आहेत. आठवडाभर घामाने निथळायचं आणि रविवारी सूट चढवून रस्त्याच्या मधोमध असं चालायचं, की गाड्यांनी थांबावं. लोक त्यांना सापर म्हणतात. मी काय म्हणते ते इथे सांगण्यासारखं नाही.

ते वाइनच्या रंगाचे बूट त्याला बाजारात, युरोपातून येणाऱ्या जुन्या कपड्यांच्या ढिगात मिळाले. डावा एका बाईकडे, उजवा बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला, तोही कित्येक आठवड्यांनी. तेव्हापासून त्या बुटांचे झाले तेवढे लाड माझ्या पोरांचेही झाले नाहीत. ऊन लागू द्यायचं नाही. पाऊस आला की काढून काखेत धरायचे आणि आपण अनवाणी घरी यायचं. पुसायला माझं स्वयंपाकाचं तेल घेतलं म्हणून एकदा मी त्याला उलथनं फेकून मारलं होतं.

आणि एवढं करून घालायचा कोण? मिलांदू. पलीकडच्या गल्लीतला शिंपी, याचा जिवलग दोस्त. सापर एकमेकांना कपडे देतातच, पण याचं मागणं संपायचंच नाही.

"गिल्दास, माझे चावतात रे."

"दोघांचं माप एकच. चावतील कसे? नाटकं नुसती."

"बरं, नाटकं. दे आता."

आणि हा शहाणा द्यायचा.

गेल्या महिन्यात मिलांदू तापाने गेला. बूट त्याच्याकडेच होते. पुरायच्या दिवशी त्याला शवागारातून घरी आणलं, तर अंगावर क्रीम सूट, पांढरा शर्ट, वाइनच्या रंगाचा टाय आणि पायात तेच बूट. घरच्यांचा तरी काय दोष? सगळ्या गल्लीने ते त्याच्याच पायात पाहिलेले.

मी गिल्दासला कोपऱ्यात ओढलं. "काढून घे. झाकण लागलं की गेले ते."

"बघतो, याया." थोरल्या बहिणीला आमच्याकडे याया म्हणतात.

"बघतोस काय? शवपेटीपुढे चालायचा मान तुझा. कामावरच्या चपला घालून चालणार आहेस?"

तो पेटीपाशी जाऊन वाकला. मला वाटलं, रडतोय. कसलं काय. वर आला तो कपाळाची शीर उडत होती.

"काळं पॉलिश कुणी लावलं?"

मिलांदूची बहीण ओर्तांस चाचरली. "मी. जरा चमकावेत म्हणून..."

"क्रीम, पांढरा, वाइन. झाले सापरचे तीन रंग. वर हा काळा. चार रंग अंगावर घेऊन जाईल का हा? जन्मात कधी चौथा रंग घातला नाही त्याने."

मी कपाळावर हात मारून घेतला. बाहेर पाद्री ताटकळलेला, गाडीवाला भोंगा वाजवतोय, आणि आमचे साहेब फडकं मागवून गुडघ्यांवर बसले.

"आधी काढ तरी," मी दातओठ खात म्हटलं.

त्याने काढले नाहीत. मिलांदूच्या पायातच घासत बसला. शिवणीशिवणीतलं काळं काढलं, खालचा वाइनचा रंग वर आणला, नाड्या सोडून पुन्हा बांधल्या. मग म्हणाला, "लावा झाकण."

ओर्तांसने आतून मिलांदूचे स्वतःचे बूट आणले. गिल्दासने ते घातले आणि पेटीपुढे चालू लागला. ऐटीत, टाचेवर गिरकी घेत, कोटाचं अस्तर दाखवत. अर्ध्या वाटेवर लंगडायला लागला.

"आता काय झालं?"

"आत खिळा आलाय, याया. टाचेला."

"मग काढ ना मेल्या."

तो तसाच चालत राहिला. "लोकांचे बूट हातात घेऊन नावं ठेवतो मी," तो म्हणाला, "याच्या बुटात कधी हात घालून पाहिला नाही."

घरी आला तेव्हा मोजा रक्ताने चिकटला होता. मी पक्कड घेऊन बसले. एक खिळा, उपटायला कितीसा वेळ? तर त्याने बूट माझ्या हातातून ओढून घेतला.

आता दर रविवारी तेच बूट. पुसतो, चमकवतो आणि लंगडत येतो. मी ओरडले की खाली बघून एवढंच म्हणतो, "चावतात गं, याया."