कानात टोचणारी झांज

बाबांना गळा नव्हता. तळेगावच्या आमच्या भजन मंडळात एक पेटी, एक खंजेरी, गाणारे चार, आणि बाबांच्या हातात झांज. गुरुवारी देवळात भजन असलं की मी सावंगीच्या माझ्या खोलीवरून मुद्दाम गावी जायचो आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचो. मोबाइल ठेवायचो बाबांच्या मांडीजवळ. बाकीच्यांचा भरवसा नव्हता, रंगात आले की पायाने उडवायचे. बाबा बसले की बसले.

खोलीवर येऊन हेडफोनवर ऐकलं की ती झांज कानात टाचणीसारखी टोचायची. इंटरनेटवर वाचलं, स्वस्त हेडफोन बारीक आवाज फुगवून देतात, इक्वलायझरने ते खाली घ्यावेत. झालं, मला नवा नाद लागला. ॲपमध्ये ओळीने उभ्या पट्ट्या, डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. उजवीकडच्या साऱ्या मी पार तळाला ओढल्या. पेटी गोड झाली, खंजेरी घुमायला लागली, भजनाचा शब्दन् शब्द कळू लागला. स्वतःवर इतका खूश झालो की विचारू नका.

शहाण्या माणसाने पट्ट्या ऐकण्यापुरत्या बदलल्या असत्या. मी तो बदल सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये कायमचा उतरवला आणि मोबाइल भरला होता म्हणून मूळच्या फायली पुसून टाकल्या.

पुढच्या गुरुवारी हौसेने बाबांच्या कानांवर हेडफोन चढवला. ते डोळे मिटून ऐकत होते. बोटं मांडीवर ताल धरत होती. मग ती थांबली.

"मी नव्हतो का रे त्या दिवशी?"

"होते ना बाबा. बारीक आवाज ऐकू येत नाई आता तुम्हाले. कान गेले तुमचे."

"असन," ते म्हणाले. हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

त्यानंतर वाजवताना ते मधूनच झांज कानाशी नेऊन बघायचे. महिनाभराने पेटीवाल्या काकांना म्हणाले, "पोरगा म्हणते मले ऐकू येत नाई. ताल चुकन माहा. झांज दुसऱ्याले द्या." त्या दिवसापासून ते भजनाला मागे भिंतीशी बसायला लागले, रिकाम्या हातांनी. मला वाटलं, वय झालं. खरंच तेवढंच वाटलं.

थंडीत बाबा गेले. तेरवीला मंडळाचे सगळे आले. काका म्हणाले, "लाव ना बाप्पा, तुह्या बाबाची झांज ऐकू दे." मी स्पीकरवर लावलं. पेटी, खंजेरी, गाणारे चार. काकांनी मान पुढे करून बराच वेळ ऐकलं.

"काऊन रे, झांज कुठी आहे?"

मी दुसरं लावलं. तिसरं लावलं. सगळ्यांत तेच. मी तिथून उठून न्हाणीत जाऊन रडलो.

तेव्हापासून त्याच पट्ट्या वर ओढतो आहे. आता हेडफोनही चांगला घेतला. पण कापून टाकलेलं परत येत नाही, वर येते ती नुसती खरखर. ती मी तासन् तास ऐकतो.

बाबांचे कान शेवटपर्यंत चांगले होते. त्यांनी कानांवर नाही, माझ्यावर विश्वास ठेवला.