हाडातला मगज

डॉक्टरांनी 'मगज' म्हटलं आणि आमच्या रंगाऱ्याने हातपाय गाळले.

रंगारी म्हणजे माझा मधला भाऊ. भिंतीचा खपला हातात दिला की नुसत्या नजरेने तोच रंग कालवणारा. त्याला रक्ताचा कॅन्सर झाला, औषधांनी दबला आणि पुन्हा उलटला. धाकट्या भावाचा मगज जुळला होता. आता तोच घालायचा, असं डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन हा म्हणतो, "मला नको."

"का रे बाबा?"

"अक्का, धाकट्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. त्याचा मगज माझ्यात घातला तर माझे रंग गेले. मग जगून करू काय?"

आधी हसू आलं, मग संताप. "अरे शहाण्या, डोक्यातला नव्हे, हाडातला! रक्त तिथे तयार होतं!"

धाकटा वेल्डर आहे. तो म्हणाला, "डोक्यातला मागितला असता तर मी तरी कुठून दिला असता?"

शेवटी डॉक्टरांनीच समजावलं. कडक औषधांनी जुना मगज मारायचा, मग धाकट्याच्या पेशी शिरेतून सोडायच्या. हाडातली जागा त्या आपणच शोधतात.

"म्हणजे पोपडे खरवडून रंगाचा नवा हात," रंगारी म्हणाला. "आणि नाही धरला तर?"

डॉक्टर खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "जिवाला धोका आहे. पण नाही केलं तर त्याहून जास्त."

तो तयार झाला. केस गेले, तोंड सोलवटलं, ताप हटेना. आम्ही काचेच्या दाराबाहेर उभे. त्यात कुणीतरी सांगितलं की रक्तगटही आता धाकट्याचा होणार. लगेच याचा फोन, "अक्का, सुरुवात झाली गं. आज रक्तगट, उद्या रंग."

मग एका सकाळी डॉक्टर म्हणाले, "पेशी रुजल्या. पुढे जपायचं आहे, पण रुजल्या."

धाकटा चपला काढून काचेशी गेला. रंगारी खाली बघत राहिला. मग फोनवर त्याचा चिरका आवाज आला, "अरे गाढवा, एक मोजा लाल, एक हिरवा! कुणी बघत नाही का घरी?"

धाकटा पायांकडे बघत बसला. मला रडू आवरेना.

मी शिवणकाम करते. ते मोजे मला सकाळीच दिसले होते, पण रंगाऱ्याच्या नजरेला पडावेत म्हणून मुद्दामच बोलले नाही.