परातीवरचे ओरखडे
कणीक मळताना जुन्या परातीच्या तळाचे ओरखडे बोटांना लागतात आणि ती सकाळ आठवते. दुबईत, आमच्या अल बर्शा भागात, दोन दिवस वाळूचं वादळ चाललं होतं. खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबूनही दाताखाली कचकच लागत होती. तिसऱ्या दिवशी खाली गेले, तर बिल्डिंगमागच्या मैदानात आमची गाडी अर्ध्या चाकांपर्यंत वाळूत रुतलेली, आणि काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटानं लिहिलेलं, 'खलास'. मंदीतला हिवाळा होता तो. नोकरी गेलेली माणसं गाड्या टाकून देश सोडत होती, त्यामुळे धुळीनं माखलेली गाडी दिसली की मालक पळाला असंच लोक धरून चालत. नवऱ्याची नोकरी आठवड्यापूर्वी गेली होती, पण आम्ही पळालो नव्हतो. माझं डोकंच फिरलं. वर जाऊन परात आणली आणि चाकांपुढची वाळू उपसायला बसले. माझ्यामागून खाली आलेली मुलगी कुजबुजली, "ममा, एव्हरीवन इज लुकिंग." म्हटलं, "बघू देत. लोकांनी बघावं म्हणूनच उपसतेय." मग नवरा आठ दिवसांत पहिल्यांदाच खाली उतरला, हातात बादली आणि फडकं. त्यानं आधी तो शब्द पुसला. वॉचमननं विचारलं, "मॅडम, इतनी मेहनत? किधर जाना है?" मी म्हटलं, "किधर भी नहीं जाना. इसीलिए तो निकाल रही हूँ." परवा मुलीनं नवी परात आणून दिली. ती अजून खोक्यातच आहे, आणि आम्ही अल बर्शातच.