चौथी लेन

टोकियोजवळच्या इचिकावातल्या आमच्या इमारतीत कचरा चुकीच्या दिवशी खाली नेऊन ठेवला, तर संध्याकाळपर्यंत तो परत आपल्याच दाराशी येऊन बसायचा. कोण आणून ठेवायचं ते कधी दिसलं नाही. पिशवीवर एक कागद चिकटवलेला असायचा, त्यावर सुबक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. ते वाचता येत नसल्यामुळे मला जास्तच भीती वाटायची. बायको म्हणायची, "अरे, कचरा आहे तो, कोर्टाचं समन्स नाही." पण मी मुळातच भित्रा. पुण्यात असताना हा स्वभाव खपून जायचा, कारण तिथे मला निदान भाषा येत होती.

दोन हजार सालानंतर आमच्यासारख्या इंजिनिअरांच्या तुकड्याच्या तुकड्या टोकियोत उतरत होत्या. मी तोयोसुच्या एका उंच इमारतीत बसून प्रोग्रॅम लिहायचो. एका वर्षी आमच्या कंपनीने पोहण्याच्या एका मोठ्या स्पर्धेचं वेळ मोजण्याचं काम घेतलं आणि आमच्या विभागप्रमुखांनी, ज्यांना सगळे नुसतं 'बुचो' म्हणत, माझं नाव पुढे केलं. मी घाईघाईने सांगितलं की मला पोहता येत नाही. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "पाण्यात नाही जायचं. काठावर बसायचं."

काठावरचं काम असं होतं. प्रत्येक लेनच्या शेवटी, भिंतीला, एक पातळ पिवळी पाटी बसवलेली असते. पोहणाऱ्याचा हात तिच्यावर दाबला गेला की त्या लेनचं घड्याळ थांबतं आणि आकडा वरच्या मोठ्या फलकावर उमटतो. शिवाय प्रत्येक लेनच्या डोक्याशी एक माणूस बटण घेऊन उभा असतो, पण ते आपलं अडीनडीला. शब्द चालतो तो पाटीचा. आठ लेन, आठ पाट्या, आणि त्यांच्या तारा माझ्या टेबलापर्यंत आलेल्या.

स्पर्धकांची माहिती फलकासाठी टाइप करायचं कामही माझ्याकडेच होतं. म्हणून तो रशियन मला दिसण्याआधी माहीत झाला. वर्षातले पाच-सहा महिने नदी गोठलेली असते अशा गावात जन्म. लहानपणी छाती नाजूक, म्हणून बापाने कारखान्याच्या तलावात नेऊन सोडला. अठराव्या वर्षी देशाचा विजेता. त्यानंतर कितीतरी वर्षं पन्नास आणि शंभर मीटरमध्ये त्याच्याआधी भिंतीला कुणी पोचलंच नव्हतं. मग खांदा गेला, दोन ऑपरेशनं झाली, दोन वर्षं पाण्याबाहेर. आता तो तेहतीसचा होता, आणि त्या धंद्यात तेहतीस म्हणजे म्हातारपण. त्याच्या देशाच्या संघाने त्याला एक शेवटची संधी दिली होती: इथे पन्नास मीटरमध्ये पहिल्या तिघांत आलास तर घेऊ, नाहीतर राम राम. शेवटचं वाक्य अर्थातच फलकावर टाकायचं नव्हतं. ते मला त्यांच्या दुभाष्याने चहा पिताना सांगितलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी तो आमच्या टेबलापाशी आला. दारातून आत यायला थोडं वाकावं लागेल असा माणूस, पण बोलणं हळू, तुटक इंग्रजीत. त्याला पाट्यांबद्दल विचारायचं होतं, जोरात दाबावं लागतं का वगैरे. मी म्हटलं, अगदी हलका हातही पुरतो. तो समाधानाने हसला. "बाकीचे भिंतीला मारतात," तो म्हणाला. "मी मारत नाही. मी फक्त पोचतो." आणि हात पुढे लांब करून त्याने टेबलाच्या कडेला बोटं टेकवली. आपण आपल्या घरात अंधारात दिव्याच्या बटणाला लावतो ना, न चाचपडता, तशी. तो शेवटचा अर्धा स्ट्रोक वाचवण्यावर त्याने आयुष्यभर शर्यती जिंकल्या होत्या.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी पाट्या तपासायच्या होत्या. मी काठावर गुडघे टेकून पाटी वर, मध्ये, खाली दाबायची आणि टेबलावरच्या सहकाऱ्याने पडद्यावर खूण उमटली का ते बघायचं. एक, दोन, तीन झाल्या. चौथ्या लेनमध्ये तो होता. शेवटचे दहा मीटर पुन्हा पुन्हा पोहत होता, आणि दर वेळी तो लांब झालेला हात अलगद भिंतीला येऊन टेकत होता. त्याला "जरा बाजूला व्हा" असं म्हणायची माझी छाती झाली नाही. जगाला मागे टाकलेला माणूस आणि मी हातात फडकं घेतलेला. मी पाच ते आठ उरकल्या आणि ठरवलं, हा बाहेर आला की चौथी बघू.

तेवढ्यात फलकावरची अक्षरं उलटीसुलटी यायला लागली आणि मी तिकडे पळालो. त्या गडबडीत बुचो तपासणीचा कागद घेऊन आले. त्यांनी जपानीत विचारलं, "चौथी लेन अजून तपासली नाही का?"

मी म्हटलं, "ईए." म्हणजे नाही.

आपल्याकडे कुणी "जेवला नाहीस का?" असं विचारलं आणि आपण "नाही" म्हटलं, तर समोरचा ताट वाढायला घेतो. जपानीत त्याच 'नाही'चा अर्थ होतो: तुम्ही म्हणता तसं नाही, मी जेवलोय. हे मला व्याकरणाच्या पुस्तकातून चांगलं ठाऊक होतं, परीक्षेत त्याला मार्कही मिळाले होते. पण तोंडाला ठाऊक नव्हतं. बुचोंनी मान हलवली. मला वाटलं, ते कुणालातरी पाठवतील. त्यांना वाटलं, काम झालंय. मी पुन्हा फलकाच्या मागे लागलो.

दुपारी पन्नास मीटरची प्राथमिक फेरी सुरू झाली. त्याची शर्यत शेवटची. पोहणारे उडी मारायच्या ठोकळ्यांवर चढत होते आणि मी सहज शेजारचा तपासणीचा कागद पुढे ओढला. आठ चौकोन, आठही चौकोनांत बुचोंचा लाल शिक्का. चौथ्यातसुद्धा.

मी उभा राहिलो आणि परत बसलो, कारण शिट्टी झाली होती आणि सगळा हॉल चिडीचूप होता. त्या शांततेत उभं राहून ओरडायला जो कुणी लागतो, तो मी नव्हतो. मनात म्हटलं, काल चालत होती, आजही चालेल. पाटीला काय धाड भरलीय?

वीस-बावीस सेकंदांचा मामला. एवढ्या वेळात हे लोक श्वासही घेत नाहीत, आणि त्या दिवशी मीही घेतला नाही. तो पहिल्यापासून पुढे होता. शेवटी हात लांब झाला, अलगद, कालच्यासारखाच, आणि टेकला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. चौथ्या लेनचं घड्याळ चालूच राहिलं. तो फलक बघायला वळला, वळताना त्याच्या खांद्याचा भार पाटीवर पडला आणि तेव्हा कुठे ते थांबलं. फलकावर तो आठवा होता. शेवटून पहिला.

मुख्य पंच टेबलापाशी आले. चौथ्या लेनवरच्या बटणाची वेळ पाटीपेक्षा पुष्कळ कमी होती. त्यांनी विचारलं, पाटी तपासली होती का? बुचोंनी कागद दाखवला. पंचांनी स्वतः जाऊन पाटी मधोमध दाबली, खूण लगेच उमटली. मग त्यांनी ठरवलं ते त्यांच्या जागी बरोबरच होतं: यंत्र ठीक आहे, बटणवाल्याचा अंगठा घाई करून गेला, स्पर्धकाचा हात नीट लागला नाही. हरकत घ्यायची तर अर्ध्या तासात. रशियनचा प्रशिक्षक तावातावाने पुढे आला होता. त्याला त्या रशियननेच हाताने थांबवलं. स्वतःचा तळवा त्याला दाखवला, खांदे उडवले आणि टॉवेल घेऊन निघून गेला.

बोलायचं तर काय, कुणाला, कोणत्या भाषेत? व्हिसा कंपनीच्या नावावर. मुलगी नुकती पहिलीत गेलेली. शिक्का बुचोंचा, म्हणजे मी तोंड उघडलं की ते खोटे पडणार, आणि तिथे आपल्या वरच्या माणसाला चारचौघांत खोटं पाडणं म्हणजे काय, हे कचऱ्याच्या पिशवीलाही घाबरणाऱ्या माझ्यासारख्याला कुणी सांगायला नको होतं. मी स्वच्छतागृहात जाऊन बायकोला फोन लावला.

तिने सगळं ऐकून घेतलं. मागे मुलगी जपानीत काहीतरी गुणगुणत होती.

"कुणाला कळलंय का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग आत्ता काही बोलू नकोस. घरी ये. आपण शांतपणे ठरवू."

"घरी येईपर्यंत संपेल गं सगळं. अर्धाच तास आहे."

ती म्हणाली, "मला भीती वाटते रे." एवढं बोलून तिने फोन ठेवला. मला तिचा राग आला नाही. उलट एका पळपुट्याला सोबत मिळाली, असं वाटलं.

परत येताना वाटेत काचेपलीकडे छोटा तलाव लागतो. शर्यतीनंतर अंग सैल करायला पोहणारे तिथे जातात. तिथे तो एकटा होता. पोहत नव्हता. भिंतीपासून पाच मीटर मागे जायचा, तीन स्ट्रोक मारायचा आणि भिंतीला हात लावायचा. पुन्हा मागे, पुन्हा हात. कधी बोटं, कधी तळवा. एकदा तर नुसताच उभा राहून भिंतीवर हात ठेवून बघत बसला. इतकी वर्षं जो माणूस जगात सगळ्यांच्या आधी भिंतीला पोचला, तो भिंतीला हात कसा लावायचा ते शिकत होता. कारण माझ्या फलकाने सांगितलं होतं की त्याला येत नाही, आणि त्याने ते खरं मानलं होतं.

मला त्याची दया आली, असं म्हणणं कमी होईल. मला किळस आली, माझी. भीती गेली नाही. पण पाय चालले. घड्याळात सहा-सात मिनिटं उरली होती.

बुचोंना मी सांगितलं, अगदी बालवाडीतल्या जपानीत, म्हणजे घोटाळा व्हायला जागा नको: "चौथी लेन मी तपासली नाही."

ते म्हणाले, "पण तुम्ही 'ईए' म्हणालात."

"हो. तपासली नाही म्हणून 'ईए' म्हणालो."

त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आलं ते मी कधी विसरणार नाही. राग नव्हता तो. आपण शिक्का कशावर मारला हे त्यांना कळलं होतं. ते तडक पंचांकडे गेले आणि कमरेतून इतके वाकले की त्यांची टाय सरळ जमिनीकडे लोंबली. मीही वाकलो. पाटी पुन्हा तपासली गेली, या वेळी वरून खालपर्यंत. मध्ये ठीक होती. वरचा वीतभर भाग मेलेला होता, नेमका जिथे अलगद हात पोचतो तिथे. बटणाची वेळ धरली गेली. तो संध्याकाळच्या अंतिम फेरीत आला, तोही चांगल्या क्रमांकाने. पाटी बदलली. नवी मी चार वेळा तपासली.

मी त्याला शोधून काढलं. म्हटलं, "तुमचा हात बरोबर लागला होता. चूक माझी होती. मी ती पाटी तपासलीच नव्हती." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. शिव्या खायची माझी तयारी होती. तो म्हणाला, "ओके. थँक यू." त्याने माझ्या खांद्यावर थोपटलंसुद्धा, आणि मी गाढव, त्या थोपटण्यावर विसंबून खूश झालो. वाटलं, निस्तरलं सगळं.

संध्याकाळी तो पुन्हा चौथ्या लेनमध्ये होता. बाकीच्यांना शेवटच्या पाच मीटरपर्यंत त्याने मागेच ठेवलं. आता हात लांब होणार, म्हणून मी खुर्चीच्या कडेवर आलो. हात लांब झाला नाही. त्याने आणखी एक स्ट्रोक घेतला, छोटा, घाईचा, आणि सगळ्या ताकदीनिशी तळवा पाटीवर आपटला. तो आवाज आमच्या टेबलापर्यंत आला. तेवढ्या एका स्ट्रोकात डाव्या-उजव्या बाजूंनी चार हात भिंतीला लागून गेले होते. सगळ्यांमध्ये मिळून डोळ्याची पापणी लवेल एवढंही अंतर नव्हतं.

सातही जण एकदम फलकाकडे वळले. तो वळला नाही. भिंतीला धरून, पाणी निथळत, तो टेबलाकडे बघत होता. माझ्याकडे. त्याच्या भुवया वर गेल्या: कितवा?

फलकावर कधीचं आलं होतं, माणसाएवढ्या उंच आकड्यांत. पण त्याला ते माझ्याकडून हवं होतं. मी हात वर केला आणि पाचही बोटं उघडून दाखवली. त्याने मान हलवली, दोरीखालून पलीकडच्या लेनमध्ये गेला आणि जिंकलेल्या मुलाशी हात मिळवला.